शिवराईची अक्षरं वाचता यावीत म्हणून : नाण्यांच्या फोटोसाठी घरचा लाइट सेटअप, कामाच्या नोंदी

१६ मार्च, भुसावळ

आधी काम काय आहे ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणाला करायचं असेल तर त्याचं आणि माझं काम एकच आहे का ते कळेल. घरात आजोबांच्या वेळचा नाण्यांचा डबा आहे. त्यात तांब्याच्या शिवराया (मराठेशाहीतली नाणी), १९४३ ते ४७ मधले भोकाचे पैसे, पाव आणे, राणीछाप आणि राजाछाप कलदार (इंग्रजांच्या काळातले चांदीचे रुपये), आणि फारसी अक्षरांचे थोडे जुने चांदीचे रुपये. या सगळ्यांची फोटोसकट यादी करायचीय. धुळ्याला ओळखीचे एक काका आहेत, आयुष्यभर नाणी हाताळलेला माणूस, ते व्हॉट्सअपवर फोटो बघून सांगायला तयार आहेत पण अट एकच, "भाऊ, अक्षर वाचता आलं पाहिजे, नुसती गोल चकती पाठवू नको."

मोबाईलने खिडकीपाशी काढून बघितले. तांबं काळं ठिक्कर येतं आणि चांदीवर पांढरा चट्टा येतो. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत श्री / राजा / शिव असतं आणि दुसऱ्या बाजूला छत्र / पति. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच बसतो, त्यात शेदीडशे वर्षं हातोहात फिरून झिजलेलं. म्हणजे जेवढं उरलंय तेवढं तरी दिसलंच पाहिजे.

कॅमेरा जुना कॅनन १३०० डी आहे. बाकी सगळं जमवायचं.

२० मार्च

ऑनलाइन मागवलेला फोल्डिंग लाइट बॉक्स आला, ७५० रुपये. आतून पांढरा, वर एलईडीची पट्टी. नाणं ठेवलं, फोटो काढला, आणि शिवराई अगदी सपाट, तपकिरी बिस्किट. खूप वेळ बॉक्सशी खेळलो, पट्टी पुढे-मागे केली, एका बाजूला काळा कागद लावला, फरक नाही.

कारण नंतर लक्षात आलं. नाण्यावरचं अक्षर आणि त्याच्या मागची जमीन एकाच धातूची, एकाच रंगाची. अक्षर दिसतं ते फक्त त्याच्या एका कडेला उजेड आणि दुसऱ्या कडेला सावली पडते म्हणून. पांढऱ्या बॉक्समधे उजेड सगळीकडून येतो, सावली पडतच नाही, मग अक्षर दिसणार कुठून. इमिटेशन ज्वेलरीला, मोबाईल कव्हरला तो बॉक्स चांगला आहे, त्यासाठीच केलेला आहे. चांदीच्या रुपयावर तर आणखी एक गोष्ट झाली, मधोमध काळा गोल डाग. ते लेन्सचं प्रतिबिंब, बाकी सगळं पांढरं आणि मधे लेन्स काळी.

बॉक्स चुलतभावाच्या दुकानात दिला.

२३ मार्च

दोन साधे नऊ वॅटचे एलईडी बल्ब, होल्डर, वायर, पिन मिळून २६० रुपये. एक डावीकडून एक उजवीकडून. अक्षर थोडं उठायला लागलं हे खरं. पण ओळीने फोटो काढले तर एक उजळ, पुढचा अंधारा, त्याच्या पुढचा पिवळट. सेटिंग सगळं मॅन्युअल असताना. मोबाईलच्या स्क्रीनवर बघितलं तर काळे आडवे पट्टे सरकताना दिसतात.

२५ मार्च

कामासाठी जळगावला गेलो होतो तिथे गोलाणी मार्केटला रिपेअरिंगवाल्या ओळखीच्या पोराला विचारलं. त्याने बल्ब उघडून दाखवला, आत वेगळा ड्रायव्हर (वीज सारखी करून देणारं सर्किट) नाही, एकाच प्लेटवर सगळं. आपली लाइन ५० हर्ट्झची, त्यामुळे असा बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पूर्ण लाटा मावतात आणि फरक कमी होतो, पण मुळातच डीसी उजेड वापर म्हणाला. घरात बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असेलच, त्यावर १२ व्होल्टची एलईडी स्ट्रिप लाव, लुकलुक संपली.

स्ट्रिप घेताना एक सांगतो. काउंटरवर पहिली मिळते ती स्वस्तातली, तिच्याखाली तांबं हिरवट, मेलेलं दिसतं कारण त्या उजेडात लाल फार कमी असतो. ९० च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेली मागायची. मला एक मीटर ३४० ला मिळाली, ९५ लिहिलेली. शिवराई दोन्हीखाली ठेवून दुकानातच बघितली, तोच तांब्याचा उबदारपणा डोळ्याला लगेच कळतो, मशीन लागत नाही. उष्णतेसाठी मागे चिकटवायला अॅल्युमिनियमच्या चॅनलचा तुकडा ४० रुपये.

बल्ब स्वयंपाकघरात लागले.

५ एप्रिल

स्टँड. तिपाई उलटी करून, पुस्तकांच्या थप्पीवर, सगळं करून झालं, कॅमेरा नाण्याच्या बरोबर वर आणि सपाट राहत नाही, आणि राहिला तरी बोट लागलं की हलतो. इथेच एक जुना फोटो स्टुडिओ बंद झालाय, मालकांच्या माळ्यावर ब्लॅक अँड व्हाइटच्या काळातला एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उतरवायचं यंत्र) पडून होता. १५०० ला दिला, वरची दिव्याची टोपी आणि खाली ७५ एमएमची लेन्स सकट. त्यांनी स्वतः कपडा मारून दिला, "याच्यावर अख्ख्या भुसावळच्या लग्नांचे फोटो निघाले" म्हणाले. ते यंत्र परत फोटोच्याच कामाला लागतंय याचं त्यांना बरं वाटलं आणि मलाही.

ही खरेदी या सगळ्या कामातली सगळ्यात चांगली. उभा लोखंडी खांब, वर-खाली करायला दात्यांची पट्टी आणि गोल नॉब, म्हणजे फोकस करायला लेन्स फिरवायचीच नाही, अख्खा कॅमेरा केसभर वर-खाली करायचा. टोपी काढून त्या जागी जाड लोखंडी पट्टी, पट्टीला भोक, त्यातून कॅमेऱ्याच्या बुडाला बोल्ट. बोल्ट पाव इंची, इंचाला २० आटे असलेलाच लागतो, सहा एमएमचा बसल्यासारखा वाटतो पण आटे खातो, तो घालू नका. आणि लांबी बघून घ्या, कॅमेऱ्याच्या आत जेमतेम पाच मिलीमीटर जागा असते, जास्त लांब असेल तर मधे वॉशर टाका, जोर करू नका.

९ एप्रिल

एन्लार्जरची लेन्सच कॅमेऱ्याला लावायची ठरवलं. या लेन्स सपाट निगेटिव्ह सपाट कागदावर उतरवायला केलेल्या असतात, त्यामुळे नाण्याच्या मध्यापासून कडेपर्यंत सगळं सारखं शार्प येतं. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सने मधलं अक्षर धारदार आणि कडेचे ठिपके बसलेले येत होते. लेन्सचे आटे एम३९ (३९ मिलीमीटरचे), त्याला ईओएसचा, म्हणजे कॅननला बसणारा अडॅप्टर ३८० आणि लेन्स कॅमेऱ्यापासून लांब धरणाऱ्या साध्या एक्स्टेंशन रिंगांचा सेट ४२०.

कलदार रुपया ३०.५ मिलीमीटरचा असतो. तो फ्रेममधे जेमतेम भरेल असं ठेवलं तर ७५ च्या लेन्सने लेन्स ते नाणं जवळजवळ २४ सेंटिमीटर अंतर उरतं. हे अंतर फार महत्त्वाचं, कारण लाइट त्याच जागेत मावायचे आहेत. ५० ची लेन्स असती तर १६ च उरले असते आणि लाइट लावताना अडचण आली असती. कुणाला दोन्ही मिळत असतील तर ७५ घ्या.

अॅपर्चर एफ ८ (लेन्समधलं भोक किती उघडं त्याचा आकडा). फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या उंचीत सगळं शार्प येतं ती, दोनेक मिलीमीटर मिळते, नाण्याला पुरते. एफ १६ ला खोली वाढते पण सगळंच मऊ पडतं, शिवराईच्या कडेचे ठिपके लोण्यासारखे होतात.

१० एप्रिल

कॅमेरा नाण्याला समांतर आहे का, हे स्पिरिट लेव्हलने करत बसलो तर जमिनीपासून सगळं तपासावं लागतं. सोपा उपाय, दाढीचा छोटा आरसा नाण्याच्या जागी पालथा न घालता सरळ ठेवायचा आणि लाइव्ह व्ह्यूमधे बघायचं. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की समांतर. नाही आलं तर पट्टीच्या खाली कागदाची घडी सारत जायचं. पाच मिनिटाचं काम आणि खात्री शंभर टक्के.

१४ एप्रिल

यावलला मामाच्या केळीच्या मळ्यात गेलो होतो, तिथे पीव्हीसी पाइपचे तुकडे पडलेले. ११० मिलीमीटरचा चार सेंटिमीटर उंचीचा गोल कापून आणला. आत गोल स्ट्रिप चिकटवली, मधे नाणं. दिसायला फार देखणं, रिंग लाइटच. निकाल लाइट बॉक्ससारखाच. उजेड कमी उंचीवरून आला तरी चारी बाजूंनी येतोय, एका बाजूची सावली दुसऱ्या बाजूचा दिवा पुसतो. नाण्याची कड मात्र चमकते आणि मधली अक्षरं बुडतात.

स्ट्रिप उपटली. उपटताना एक तुकडा मेला.

१५ एप्रिल

पाइपची रिंग टाकून देणार होतो पण तीच कामाला आली. १२ व्होल्टची स्ट्रिप दर तीन एलईडीनंतर कापता येते, तसा तीन एलईडीचा एक तुकडा कापला, अॅल्युमिनियमच्या पट्टीवर लावला आणि पट्टी कपडे वाळत घालायच्या चिमट्याला बांधली. चिमटा पाइपच्या कडेला धरतो आणि रिंगभर कुठेही सरकवता येतो. रिंगवर मार्करने घड्याळाचे आकडे टाकले, नाण्याच्या वरच्या बाजूला १२. नाणं मधे खोडरबरावर अडीच सेंटिमीटर उचललेलं, म्हणजे दिवा नाण्याच्या दीड सेंटिमीटर वर आणि साडेपाच सेंटिमीटर लांब, उजेड अगदी तिरपा, पंधराएक अंशाचा.

आणि शिवराई बोलायला लागली. डोळ्याने हातात धरूनही जो "जा" मला दिसत नव्हता तो स्क्रीनवर उभा राहिला. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, आईला उठवून दाखवला.

उजेड वाढवायची गरज नव्हतीच, एकच दिवा पाहिजे होता, तिरपा, आणि फिरवता येणारा. पहिल्या बॉक्सपासून सगळा पैसा आणि वेळ उजेड वाढवण्यात गेला होता.

१७ एप्रिल

तिरप्या उजेडाच्या सवयी, बघितल्या तशा लिहितो.

उघडे तीन एलईडी असतील तर प्रत्येक अक्षराला तीन-तीन सावल्या येतात. समोर ट्रेसिंग पेपरचा एक पदर लावला की एक होते. दोन पदर लावले तर सावली फार मऊ होते, झिजलेल्या नाण्याला नको.

दिवा खालून, म्हणजे ५-६ वाजताच्या बाजूने लावला तर अक्षरं उठलेली न दिसता खोदल्यासारखी आत गेलेली दिसतात. नाणं तेच, फोटो खरा, पण आपल्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय, त्यामुळे डोकं उलटं वाचतं. म्हणून दिवा वरच्या अर्ध्यातच, ९ ते ३ च्या दरम्यान.

रिंगच्या दिव्याबरोबर खिडकीचा उजेड येऊ देऊ नका, दोन रंग मिसळतात. पडदा.

२१ एप्रिल

धुळ्याच्या काकांना चार फोटो पाठवले. एकावर त्यांचा फोन आला, "ही साधी आहे की दुदांडी? रेघा दिसत नाहीयेत." दुदांडी म्हणजे उत्तर पेशवाईतली शिवराई, जिच्यावर छत्र आणि पति या दोन ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असतात. नाणं हातात घेतलं, बोट फिरवलं, रेघा आहेत. फोटोत नाहीत.

दिवा ९ वर होता. उजेड डावीकडून उजवीकडे आडवा वाहतोय आणि रेघाही आडव्याच, मग रेघेला सावली पडायला कड कुठे मिळणार, उजेड तिच्या अंगावरून सरळ निघून जातो. दिवा १२ वर नेला तर दोन्ही रेघा काठीसारख्या उठल्या, पण आता "राजा" चे काने गेले, कारण ते उभे. ही गोष्ट ज्याने फोटो बघूनच नाणं ओळखायचंय त्याच्यासाठी फार मोठी आहे. एकाच नाण्याचे दोन फोटो ठेवले तर कुणीही दोन वेगळी नाणी म्हणेल.

उपाय साधा निघाला. दिवा १० आणि ११ च्या मधे. तिरका आला की आडवी रेघ पण सावली देते आणि उभा काना पण. सुरुवात कायम तिथून करायची, आणि झिजलेल्या नाण्याचा आणखी एक फोटो १ ते २ च्या मधे दिवा ठेवून काढायचा. फाईलच्या नावातच दिव्याची वेळ लिहायची. काकांना दोन्ही पाठवले, ते म्हणाले आता बोल.

२४ एप्रिल

ऊन ४४ च्या पुढे. वरची खोली पत्र्याची. चिमट्याच्या पट्ट्या ग्लू गनने चिकटवल्या होत्या, दुपारी खोलीत गेलो तर डिंक मऊ पडून दिव्याची पट्टी वाकून नाण्यावर आलेली. नशीब रबरावर पाव आणा होता. खान्देशात एप्रिल-मेमधे ग्लू गनवर काही टांगू नका. सगळे जोड नट-बोल्ट आणि एम-सीलने परत केले, अख्खा रविवार त्यात.

२ मे

आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहिणी-भाच्या आलेल्या, झोका, पुरणपोळ्या, खोली पाहुण्यांना, काम बंद होतं. आज परत सुरू. एका भाच्याला नाणी फार आवडली, त्याला आधी कडेने धरायचं शिकवलं. तोंडावर बोट लावलं तर घामाचा ठसा तांब्यावर कायमचा बसू शकतो.

आणि घरात दोघा-तिघांनी चिंच लावून चकचकीत कर म्हणून सांगितलं, तर इथे लिहून ठेवतो. नाही. चिंच, लिंबू, राख, काहीच नाही. तो तपकिरी थर दोन-तीनशे वर्षांनी चढलेला आहे, तो गेला की नाण्याची किंमतही जाते आणि उरलेलं अक्षरही घासलं जातं. ज्याला उजेडाने अक्षर दिसत नाही त्याला चिंचेनेही दिसणार नाही. धूळ असेल तर मऊ ब्रशने झटकायची, बस.

६ मे

आता चांदी. कलदार आणि फारसी अक्षरांचे रुपये रिंगमधे ठेवले तर तिरप्या उजेडात एक बाजू भडक, दुसरी काळी. चांदी आरशासारखी वागते, तिला बाजूने दिवा चालत नाही, उजेड लेन्सच्या दिशेनेच आला पाहिजे. लेन्सच्या आत तर दिवा बसवता येत नाही, म्हणून ४५ अंशाची काच.

नाणं आणि लेन्सच्या मधे काच तिरपी उभी करायची. डावीकडून दिवा, त्याचा थोडा उजेड काचेवरून खाली नाण्यावर सांडतो, नाण्यावरून सरळ वर काचेतून लेन्समधे. सुताराकडून प्लायच्या दोन तुकड्यांत ४५ अंशाची खाच पाडून घेतली, फोटो फ्रेमवाल्याकडून दोन मिलीमीटरची काच कापून ४० रुपये, कडा घासून घेतल्या. याच्यापेक्षा पातळ मिळाली तर चांगली.

पहिला फोटो धुरकट. काचेच्या उजव्या अंगाला आमची पोपटी भिंत, वरून बघणाऱ्या लेन्सला काचेत ती भिंत दिसते आणि नाण्यावर तिचा पडदा येतो. उजवीकडे काळी मखमल उभी केली, ७० रुपये, नाणं एकदम कडक झालं. मखमल डावीकडच्या दिव्याचा आरपार गेलेला उजेडही पिऊन टाकते. डावीकडे दिवा आणि नाण्याच्या मधे पुठ्ठ्याची छोटी भिंत, नाहीतर दिवा सरळही नाण्यावर पडतो. काचेवर धुळीचा कण असेल तर तो चमकतो, दर वेळी पुसायची. शर्ट गडद घालायचा, पांढरा बनियन काचेत दिसतो.

निकाल बघण्यासारखा. चांदीची सपाट जमीन उजळ, अक्षराचा माथाही उजळ, आणि अक्षराच्या उतरत्या कडा काळ्या, जशा बोरूने रेखल्या. फारसी ओळ वेगळी निघाली. तीच काच शिवराईवर लावून बघितली, अजिबात नाही, तांब्याचा प्रत्येक खड्डा दिसतो आणि अक्षर खड्ड्यांत हरवतं. म्हणजे चांदीला काच, झिजलेल्या तांब्याला रिंग.

९ मे

काच लावल्यावर उजेड फार कमी होतो. ४५ अंशात काच दहाएक टक्केच उजेड परत फेकते, बाकी आरपार. रिंगमधे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) १०० ला १/५ सेकंदात होणारा फोटो काचेत दोन सेकंद घेतो. आणि दोन सेकंदात भुसावळ हलतं. रूळ घरापासून जवळ, मालगाडी निघाली की टेबलावरच्या पाण्यात तरंग दिसतात, आणि खोलीतला कूलर तर कायमच थरथरतो. फोटो पूर्ण मोठा करून बघितल्यावर अक्षरांना दुहेरी कड.

आयएसओ वाढवून बघितला, चांदीच्या गुळगुळीत जमिनीवर दाणे येतात, नको. मग टेबल सोडून जमिनीवर आणलं. खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, त्यावर शहाबादी फरशी, फरशीवर एन्लार्जरचा पाट आणि पाटावर वजन म्हणून घरातला जुना दगडी पाटा. फोटोपुरता कूलर बंद, दोन सेकंदाचा टायमर, लाइव्ह व्ह्यू चालू ठेवायचा म्हणजे आरसा आधीच वर असतो. मालगाडी असली तर थांबायचं. पहाटेची वेळ सगळ्यात चांगली, कूलर लागत नाही आणि हातालाही घाम नसतो.

१२ मे

लाइट गेली, बराच वेळ आली नाही. मामाच्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरी होती, तीच स्ट्रिपला जोडली, चालली. अडॅप्टरपेक्षाही शांत उजेड. फक्त बॅटरी उतरत गेली की उजेडही उतरतो, म्हणून मधून मधून एक्स्पोजर बघायचं. प्लस-मायनस उलटं झालं तर स्ट्रिप लागत नाही एवढंच, पण वायर एकमेकांना टेकू देऊ नका, ती बॅटरी ठिणगी टाकते.

१८ मे

रंग. ऑटो व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्याला रंग आपोआप ठरवू दिले तर, तांबं राखाडी येतं, कारण फ्रेमभर तपकिरी दिसलं की कॅमेरा तेवढा तपकिरी काढून टाकतो. झेरॉक्सच्या कागदावर बॅलन्स घेऊ नका, त्यात निळसर चमक घातलेली असते. ग्रे कार्डावर (फोटोसाठीचा साधा राखाडी पुठ्ठा), त्याच दिव्याखाली, काच असेल तर काचेतून कस्टम बॅलन्स घ्यायचा, रॉमधे (कॅमेऱ्याच्या मूळ, न बदललेल्या फाईलमधे) काढायचं. पुढचं काम डार्कटेबल या फोटोच्या सॉफ्टवेअरमधे, फुकट आहे. मी फक्त कापतो आणि उजेड थोडा सारखा करतो. शार्पनिंग जास्त केलं की झीजही अक्षरासारखी दिसायला लागते आणि समोरचा माणूस फसतो.

प्रत्येक नाण्याबरोबर वजनही लिहितोय. सराफाच्या छोट्या काट्यावर आधी राणीछाप कलदार ठेवून बघितला. कलदाराचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, झिजेमुळे थोडं कमी येतं. काटा नीट आहे का ते यावरूनही अंदाजे कळतं.

२५ मे

फारसी रुपयांचे फोटो काकांकडे गेले. एका रुपयावर त्यांनी "ज़र्ब" वाचलं, म्हणजे इथे टांकसाळीचं नाव येणार, आणि पुढे "बुरहान" पर्यंत अक्षरं आहेत, उरलेलं चकतीच्या बाहेर गेलंय. बुरहानपूर. फारुकी सुलतानांची राजधानी, १६०१ मधे अकबराने असीरगड घेतल्यावर मोगलांच्या खान्देश सुभ्याचं ठाणं, आणि इथून रेल्वेने तासाभराचा रस्ता. हा रुपया एवढी वर्षं डब्यात होता आणि घरात कुणाला माहीत नव्हतं की तो आपल्या शेजारच्या गावात पाडलेला आहे. काकांनी फोनवर ते अक्षर अक्षर जोडून सांगितलं, मी फोटो मोठा करून बोट ठेवत गेलो.

दुसऱ्या रुपयावर टांकसाळीची जागा पूर्ण बाहेर आहे. तिथे कुठलाच उजेड काही करू शकत नाही.

२७ मे

खर्च. कामाला आलेलं : एन्लार्जर १५००, अडॅप्टर आणि रिंगा ८००, स्ट्रिप आणि चॅनल ३८०, काच-मखमल-ट्रेसिंग पेपर १४०, एम-सील, बोल्ट, चिमटे, टेप १६०. एकूण २९८०. वाया गेलेलं : लाइट बॉक्स ७५० आणि बल्बचं २६०. ज्याच्याकडे कॅमेरा नाही त्याने मोबाईल पट्टीवर बांधून रिंग आणि चिमटा एवढंच केलं तरी शिवराया वाचता येतील, त्याला शंभर-दोनशेच्या वर लागत नाहीत. अडॅप्टर आणि पाइपचा तुकडा घरातच निघतो, स्ट्रिप कुणाबरोबर अर्धी वाटून घ्यायची.

१ जून

भोकाचे पैसे चालू आहेत. यांना रबर चालत नाही, भोकातून रबर दिसतं, म्हणून काळा रंगवलेला बॉलपेनच्या नळीचा तुकडा खाली उभा केलाय. भोकातून नळी थोडी दिसते, पण काळी असल्याने भोक काळंच येतं.

काकांना आता कलदारांच्या कडेचाही फोटो पाहिजे, कडेच्या दात्यांवरून आणि जोडाच्या रेघेवरून ओतीव नकली ओळखू येतं म्हणून. खोडरबराला ब्लेडने खाच पाडून नाणं उभं केलंय. रिंग काढून टाकली, दिवा १२ वरून आणि एफ ११, कारण कड गोल फिरत जाते आणि खोली पुरत नाही. पहिले फोटो बरे आलेत, दात्यांच्या मधली धूळ ब्रशने काढून उद्या पहाटे परत घेतो.